लेकीला पहिला सॅल्यूट

माझा भाऊ वेंडेल गॅस्किन सैन्यातून सार्जंट म्हणून निवृत्त झाला, घरात मात्र तो कधीच निवृत्त झाला नाही. छावणीच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. पातेली उंचीप्रमाणे लावलेली, टॉवेलच्या घड्या एकसारख्या. मी जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांचं जेवण रांधलं, आणि मला भांडी लावायला शिकवणारा हा शहाणा. त्याची बायको लेक लहान असतानाच घर सोडून गेली. का गेली म्हणून विचारू नका, ते टॉवेल बघितले की कळतं. लेकीला, जॅनेलला, मग आम्ही बहीणभावांनी वाढवलं.

वेंडेलची एक गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. तरुणपणी जर्मनीतल्या अमेरिकी तळावर असताना त्याने अधिकारी होण्यासाठी अर्ज केला होता. चांगल्या शिपायाला सैन्य कॉलेजात पाठवतं आणि अधिकारी करून परत घेतं, पण त्याच्या कॅप्टनची शिफारस लागते. कॅप्टनने याला समोर बसवलं, कॉफी पाजली आणि म्हणाला, "गॅस्किन, लेफ्टनंट ढिगाने मिळतात. तुझ्यासारखा सार्जंट मिळत नाही." शिफारस केली नाही ती नाहीच. ही गोष्ट वेंडेल न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, अंगणात मासे तळताना, छाती फुगवून सांगायचा. मीही बरीच वर्षं कौतुकाने ऐकली. मग कधीतरी ध्यानात आलं की कौतुकाची गोष्ट माणूस इतक्यांदा सांगत नाही.

जॅनेल गावातल्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका रविवारी जेवताना म्हणाली, "बाबा, मी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात नाव घातलंय. कॉलेजातच असतं. पास झाले की लेफ्टनंट."

"आता? अर्धं कॉलेज संपल्यावर?"

"चालतं. उन्हाळ्यात केंटकीला महिनाभर छावणी केली की पहिली दोन वर्षं भरून निघतात."

"महिन्याभरात दोन वर्षं," वेंडेल माझ्याकडे वळून म्हणाला. "ऐकलंस ओडेसा? आणि तू उगाच दोन-दोन तास पालेभाजी शिजवत बसतेस."

"तुझीच लेक आहे," मी म्हटलं. "कोणाकडे बघून शिकली?"

"माझ्याकडे बघून शिकली असती तर शिपाई म्हणून भरती झाली असती."

पोरगी गेली. परत आली ती टाचा सोलवटून, निम्मी होऊन, पण आवाज असा खणखणीत की शेजारचं कुत्रं उठून बसावं. तिसऱ्या वर्षी तिने सैन्याशी करार केला आणि कॉलेजची फी सैन्य भरू लागलं. मला अभिमान वाटला. वेंडेलला काय वाटलं ते थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कळलं.

आमच्याकडे रीत आहे. नवा अधिकारी शपथ घेतो आणि आपला पहिला सॅल्यूट शिपायांतल्या, सार्जंटांतल्या एखाद्या माणसाकडून घेतो. तो माणूस त्याने स्वतः निवडलेला असतो, आणि सॅल्यूटबद्दल त्याच्या हातावर चांदीचा डॉलर ठेवायचा असतो. बाप सैन्यातला असला तर मान बापाचा. टर्की कापून झाली, सगळे नातेवाईक बसलेले, आणि जॅनेल म्हणाली, "बाबा, माझा पहिला सॅल्यूट तुम्ही द्याल ना?"

वेंडेलने सुरी खाली ठेवली. "जिचे लंगोट बदलले तिला मी सॅल्यूट ठोकू?"

"लंगोट मी बदलले," मी म्हटलं. "तू कुवेतला होतास."

सगळे हसले. जॅनेल हसली नाही. "अजून दीड वर्ष आहे बाबा," ती म्हणाली. "विचार करा."

त्याने विचार केला तो असा. पुढच्याच आठवड्यात त्याने तिच्या कॉलेजात प्रशिक्षण चालवणाऱ्या मेजरला फोन लावला आणि सांगितलं, माझ्या मुलीला चौदाव्या वर्षापर्यंत दमा होता, ते तिने लपवलंय. खोटं नव्हतं ते. पण आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा जाणतं की सैन्याच्या डॉक्टरला विचारेल तेवढंच सांगायचं, आणि तेही अर्धं. जॅनेलचं प्रशिक्षण थांबलं. फी थांबली. अख्खा हिवाळा ती नळ्यांत फुंकर मारत, फिरत्या पट्ट्यावर धावत डॉक्टरांना छाती दाखवत होती, आणि दुपारी माझ्याबरोबर शाळेत भांडी घासत होती. तिच्या तुकडीला शिकवणारी सार्जंट पेट्री म्हणून एक ठेंगणी बाई होती. ती रोज सकाळी थंडीत छावणीच्या रस्त्यावर जॅनेलच्या बाजूने धावायची, दम टिकतो हे सिद्ध व्हावं म्हणून. बाजूने धावायला बापही होता की, हाकेच्या अंतरावर. वसंतात खास परवानगी मिळाली आणि पोरगी परत आत गेली.

मी वेंडेलला धरलं. "का केलंस?"

"तिने खोटं लिहिलं होतं. अधिकाऱ्याने खोटं बोलू नये."

"आणि तू भरती होताना? उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे सांगितलं होतंस?"

तो गवत कापायचं यंत्र काढायला निघाला. मी मागे गेले. "तुला तिच्या दम्याची काळजी नाही वेंडेल, तुझ्या पोटात दुखतंय. त्या कॅप्टनने तुझं जे केलं तेच तू पोरीचं केलंस. त्याने निदान कॉफी तरी पाजली होती."

त्याने यंत्र सुरू केलं. गवत आदल्याच दिवशी कापलं होतं.

जॅनेल त्याला एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. रविवारी यायची, जेवायची, आपली ताटली धुवायची, "येते आत्या" म्हणून निघायची. बापाला फक्त हो आणि नाही.

चौथ्या वर्षाच्या शेवटी समारंभाचं आमंत्रण आलं आणि वेंडेलने आपला जुना गणवेश माझ्या पुढ्यात आणून टाकला. "कंबर सैल कर."

"तिने बोलावलंय सॅल्यूटला?"

"विचारलं होतं की."

"दीड वर्षापूर्वी! मधल्या काळात तू काय दिवे लावलेस ते आठव."

"सैन्यात दिलेला हुकूम रद्द होईपर्यंत लागू असतो."

"अरे, फोन करून विचार तिला. लेक आहे तुझी."

"पहिला सॅल्यूट कोणाचा ते अधिकारी ठरवतो. सार्जंट विचारत नाही," तो म्हणाला.

मी दोन्ही बाजूंची शिवण उसवली आणि होतं नव्हतं तेवढं कापड सोडलं. न्हाणीघरात आरशासमोर तो रोज सराव करत होता. कुवेतमध्ये मोडलेला त्याचा खांदा वर जात नाही, म्हणून मलम चोळायचा आणि पुन्हा हात उचलायचा. खरं सांगते, कितीतरी वर्षांनी मला माझा भाऊ आवडला.

समारंभ कॉलेजच्या हिरवळीवर होता. जॅनेलने शपथ घेतली. तिच्या दोन्ही खांद्यांवर लेफ्टनंटच्या पट्ट्या मी लावल्या. एरवी एका खांद्यावर आई लावते, दुसऱ्यावर बाप, पण दुसऱ्या खांद्यासाठी तिने कोणाला हाक मारली नाही. वेंडेल पहिल्या रांगेत कोट खाली ओढत उभा होता.

"लेफ्टनंट जॅनेल गॅस्किन यांना पहिला सॅल्यूट देत आहेत," ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, आणि वेंडेल रांगेतून बाहेर पडला. "सार्जंट मरीसा पेट्री."

तो हिरवळीवर एकटाच उभा. फोटोवाला अदबीने म्हणाला, "सर, जरा मागे व्हाल का? तुम्ही मध्ये येताय." तो मागे झाला. पेट्रीने सॅल्यूट दिला, जॅनेलने घेतला, डॉलर दिला, आणि दोघी रडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, त्या पेट्रीसाठी.

नंतर सरबताच्या टेबलापाशी गर्दी झाली. वेंडेल सरळ तिच्यासमोर गेला, टाचा जुळवल्या आणि हात कपाळाला लावला. धाकट्या हुद्द्याच्या माणसाने सॅल्यूट केला की अधिकारी उत्तर देऊन हात खाली घेईपर्यंत त्याला हात उतरवता येत नाही. जॅनेलच्या उजव्या हातात सरबताचा पेला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा खांदा थरथरू लागला, कोपर खचू लागलं, तो ते पुन्हा वर घेत होता. "पुरे गं पोरी," एवढंच मला म्हणायचं होतं. ते जिभेवर आलं नाही, कारण तो आणखी थोडा वेळ तसाच उभा राहावा असं मलाही वाटत होतं.

तिने पेला सावकाश टेबलावर ठेवला. कागदाने बोटं पुसली. मग हात कपाळाला नेला आणि खाली घेतला.

"थँक्यू, सार्जंट," ती म्हणाली.

वेंडेलने हात उतरवला. "येस, मॅम," तो म्हणाला.