देवाला विचारलेली सहल

सातवीत माझी शाळा सुटली. बावीस वर्षांची असताना शिवणकाम करायला मी डिचोलीला आले. माझं गाव आंबोली घाटाखाली. दोन गाड्या बदलायच्या आणि वर तासभराची चाल. ज्यांच्या दुकानात काम करायचे त्यांच्याच माडीवर राहायचे. त्या बाईंना मी काकी म्हणे, त्यांच्या यजमानांना काका. काकी पहिलं ताट मला वाढत. तरी आपण यांना जड होतोय की काय, ही धास्ती काही सुटत नसे.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीची शिलाई आटोपल्यावर काका म्हणाले, "लोक आमचें गोंय पळोवंक विमानान येतात. आमी डिचोलीचो बाजार सोडून खंय गेले?"

दोन बेत निघाले. एक, गाडीने फोंड्याची देवळं. दुसरा, पणजीहून लाँचने दोन दिवस नदीतून वर: रायबंदर, जुनं गोवं, दिवाडी बेट, शेवटी नार्वे. तिघांनीही जायचं. काकांचा कल देवळांकडे. काकी एवढंच म्हणाल्या, "प्रसाद लावून बघूया."

"सुट्टीक प्रसाद?" काका हसले. "फाल्यां पापड तळूं काय भाजूं, तेंय देवाक विचार."

"लग्न विचारून केलें, दुकान विचारून घातलें. मगे हें कित्याक नाका?"

प्रसाद लावायचा म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी पडली तर लाँच, डावीकडची पडली तर गाडी, असं ठरलं. दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून सोमवारी नारळ देऊन मला देवळात धाडलं.

मला पाण्याची भारी भीती. गावचा ओहोळ गुडघाभर, तोसुद्धा मी कुणाचा तरी हात धरून ओलांडत असे. गाभाऱ्यासमोर डोळे मिटून मी "डावी, डावी" म्हणत राहिले. गुरवाचं गाऱ्हाणं अर्ध्यावर होतं तेवढ्यात पाकळी पडली. उजवी.

"इतक्या बेगीन देव कोणाक सांगना," गुरव म्हणाला. "वचात लाँचीन."

घरी येऊन मी सांगितलं, "देवानं गाडी सांगितली."

"बरं," काकी म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या. काकांनी लगेच गाडीची चौकशी सुरू केली.

दोन दिवसांनी दिवाडीची एक बाई ब्लाउज टाकायला आली. माप घेता घेता काकींनी नदीवरच्या घाटाचं विचारलं, "देवळामुखार तो न्हंयेचो घाट, आसा मगे अजून?"

"आसा. तुमी खंयच्यो?"

"थंयचीच. घर मोडलें, माणसांय गेलीं. म्हटलं, होडयेंतल्यान तरी पळोवंया. पूण देवाच्या मनांत ना."

मी काजं करत होते. सुई बोटात गेली. बाई गेल्यावर काकींसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. पाकळी उजवी पडली होती, मीच खोटं बोलले.

काकींनी मापाची टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, "भितां म्हणून सांगपाक तोंड ना तुका?"

"तुम्ही घरात घेतलंत मला. नाही कसं म्हणू?"

"घेतलें? बाजारांतलें सूप गो तूं?" त्यांनी माझं बोट धरून चिंधी बांधली. "वच, आणिक एक नाल्ल घेऊन वच. देवाक सांग, चुकी म्हजी म्हणून. मागीर पिशवी भर."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात पुटपुटला, "देवाक नाल्ल मेळटा, म्हाका फुकटचो त्रास."

लाँचमध्ये मी मधल्या बाकाला दोन्ही हातांनी धरून बसले. रायबंदर गेलं, जुन्या गोव्याची चर्चं गेली. मी पायाखालच्या फळ्याच पाहिल्या. काका पेरू कापून देत होते, तोही घ्यायला हात सुटेना. दिवाडी दिसू लागली तशा काकी उठून कठड्याशी गेल्या. मला बोलावलं नाही. त्यांनी बोलावलं नाही म्हणूनच मला उठावंसं वाटलं. दोन पावलांत चारदा बाक धरला, आणि शेवटी त्यांच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभी राहिले.

घाट आला. पायऱ्यांवर एक बाई कपडे आपटत होती.

"थंयच हांव पोंवपाक शिकलें," काकी म्हणाल्या. जिथे पोहायला शिकल्या तो घाट मागे पडेपर्यंत त्या वळून पाहत राहिल्या, आणि मी पदर सोडला नाही.