भिजवून ठेवलेली होडी

लखनौच्या गोमतीत बोटी चालतात म्हटलं की आमच्या गावची माणसं हसतात. खाडीच्या तोंडाशी वाढलेल्यांना नदी म्हणजे काय, अंगणातला पाटच. हसोत बापडे. माझं पोट त्या पाटावर चालतं, तेव्हा मला काही हसू येत नाही.

मी एका खाजगी कंपनीच्या बोटींची देखभाल बघते. त्यातली जेट बोट म्हणजे महा नाठाळ. हिला बाहेर पंखा नसतो. ती पोटाखालून पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते, त्याच रेट्यावर पळते. ओढताना जलपर्णी, देवाच्या माळा, चुनरीचे धागे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जे मिळेल ते गिळते आणि मग तिचा घसा दाटतो. अशा वेळी इंजिन बंद करायचं, मागच्या फळीवरचं झाकण उचलायचं, खालच्या खळग्यातलं जाडजूड बूच फिरवून काढायचं आणि खांद्यापर्यंत हात घालून अडकलेलं ओढून काढायचं. काम घाणेरडं आहे, पण मला आवडतं.

खरी काळजी बुचाची. अशी दोन बुचं, शेजारी-शेजारी. त्याच्याभोवती रबराची रिंग असते. ती पुसायची, वाळूचा कण राहू द्यायचा नाही, ग्रीसचं बोट फिरवायचं, बूच नीट बसवून खटका लावायचा. यात कुचराई केली तर धावत्या बोटीत खालून पाणी उसळून येतं. आणि बोट जमिनीवर आली की उलट, मागची दोन्ही बुचं आणि तळाचं छोटं बूच काढून ठेवायचं, म्हणजे आत थेंब साचत नाही. साचलं की शेवाळ, डासांच्या अळ्या आणि तो कुबट वास. खळग्याच्या कोपऱ्यात तरी चूळभर पाणी राहतंच. ते मी करवंटीनं उपसते. कंपनीतले भैया लोक म्हणतात, मॅडम, हँडपंप है ना. असू दे. करवंटी कोपऱ्यात जाते, पंप जात नाही.

करवंटी माझ्या बापाची. आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत, बाबा आला, बाबा गेला असंच म्हणतात. बाबाची लहानशी लाकडी होडी होती. वल्ही त्याच्या हातात आणि उपसायचं काम माझ्याकडे. लाकडी होडी थोडी गळणारच. फळ्यांमधून झिरपलेलं पाणी मी तळाशी बसून करवंटीनं बाहेर टाकायची. बाबा म्हणायचा, "तू थांबलीस की मी बुडलो." मला ते खरंच वाटायचं. मी शाळेतल्या कुठल्याच कामाला एवढी चिकटून बसले नसेन.

आई गेल्यावर बाबा एकटा पडला. नवऱ्याची नोकरी इथे बँकेत, माझी इथे, मुलीची शाळा इथे. मी बाबाला लखनौला घेऊन आले. इंदिरा नगरच्या आमच्या घरात त्याला खिडकीजवळची खोली दिली. तो सगळं गोड मानून घ्यायचा. मलिहाबादचा दशहरी खाऊन "बरा आहे" म्हणाला, आणि कोकणातल्या माणसानं दुसऱ्याच्या आंब्याला बरा म्हणणं म्हणजे केवढी गोष्ट. पण संध्याकाळी गच्चीवर जाऊन तो चारी दिशांना बघायचा. कुठेच पाणी नाही. मग खाली यायचा आणि मला विचारायचा, "बाय, कधी नेतेस घरी?" मी म्हणायची, सीझन संपला की. मला तो जवळ हवा होता. आई गेलीच होती, आता बापाविनाही राहायची माझी तयारी नव्हती, सरळ सांगते.

त्याला रमवायला मी त्याला कामावर न्यायला लागले. जेट बोटीकडे तो आधी नाक मुरडूनच बघायचा. "वल्हं नाही, शीड नाही, ही कसली होडी?" पण बूच त्याला आवडलं. रिंग पुसायची कशी, ग्रीस किती, खटका कसा लावायचा, सगळं मी दाखवलं. त्याची बोटं जाडी, पण हात हलका. तो बूच बसवायचा आणि वर दोनदा थोपटायचा, घोड्याला थोपटावं तसं.

मेअखेरीस कंपनीच्या शेडचं छप्पर दुरुस्तीला काढलं. जेट बोट ट्रॉलीवर घालून आमच्या दारात आणून उभी केली. लू सुटलेली, इथला अंग भाजणारा वारा. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मी नियमाप्रमाणे सगळी बुचं काढली, दोरीत ओवून स्टिअरिंगला टांगली आणि ऑफिसला गेले.

दुपारी मुलीचा फोन आला. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदी. "मम्मी, नाना ने नाव में पाइप लगा दिया है. पूरी भर गई." मला आधी कळेचना. मग कळलं आणि तशीच घराकडे सुटले.

घरी पोचले तर गल्ली गोळा झालेली. समोरचे गुप्ताजी म्हणत होते, "अंकल जी स्विमिंग पूल बनवा रहे हैं क्या?" बाबा डोक्याला पंचा बांधून, हातात बागेचा पाइप धरून उभा. त्यानं बुचं दोरीतून काढली होती. रिंग पुसून, ग्रीस लावून एकूण एक जागच्या जागी बसवली होती. मग इंजिनवरचं झाकण उघडून आत पाणी सोडलं होतं. थेंब गळत नव्हता. इंजिन अर्धं पाण्यात आणि ट्रॉलीचे टायर बसलेले. शिकवलं कोणी तर मीच.

"बाबा, अरे काय केलंस हे?" मी ओरडलेच.

तो शांतपणे म्हणाला, "सुकत होती गो. किती दिवस उन्हात उभी आहे. फळ्या उघडतील, मग पाण्यात घातली की बसेल तळाला."

आमच्या गावात सगळे हेच करतात. लाकडी होडी बरेच दिवस किनाऱ्यावर राहिली की लाकूड आटतं, फटी पडतात. म्हणून समुद्रात लोटण्याआधी दोन-चार दिवस तिच्यातच पाणी भरून ठेवायचं. लाकूड फुगतं, फटी मिटतात. याला होडीला पाणी पाजणं म्हणतात. हे न करता होडी लोटणारा माणूस अडाणी समजला जातो.

माझ्या मुलीनं त्याला समजावलं. "नाना, ये लकड़ी नहीं है. फाइबर है. ये सूखती नहीं." बाबानं बोटीवरून हात फिरवला. नखानं टोकरून बघितलं. मग पाइप खाली ठेवला आणि पायरीवर बसला. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"हिला तहान नाही तर," तो म्हणाला. डोक्याचा पंचा सोडून म्हणाला, "माझी मात्र सुकली असेल."

माझा राग तिथेच विरला. त्याची होडी गावी माडाखाली झापांनी झाकून ठेवलेली होती, आई आजारी पडली तेव्हापासून. एवढे महिने तो गच्चीवरून काय शोधत होता ते मला तेव्हा कळलं. मी त्याच्या शेजारी बसले आणि रडले. गुप्ताजी बिचारे पाण्याची बाटली घेऊन आले.

पाणी काढून, इंजिन उघडून, वायरी सुकवून बोट वाचली. साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. आणि नारळी पौर्णिमेच्या आधी बाबाला गावी पोचवून आले. नवरा म्हणाला, एकटा कसा राहील? मी म्हटलं, इथे कुठे राहतोय तो? निघताना बाबानं करवंटी माझ्या बॅगेत घातली. "उपसणारी तू. माझ्याकडे ठेवून काय करू?"

पौर्णिमेला त्यानं नारळ किनाऱ्यावरूनच सोडला. शेजारची पोरं होडी लोटून द्यायला तयार होती. हा नको म्हणाला. मला फोनवर सांगितलं, "तू आलीस की घालू पाण्यात. कधी येतेस?" मी म्हटलं, सीझन संपला की. तो हसला आणि म्हणाला, "हां हां, ठाऊक आहे तुझा सीझन."

दिवाळी गेली. थंडीत बोटीला गर्दी, सुट्टी मागायची सोय नाही. मला घराची आठवण यायची ती विचित्र वेळी यायची. आलमबागच्या बाजारात सुकट दिसली की यायची. बुचाचं झाकण उघडून खळग्यातल्या पाण्याकडे बघताना तर हमखास यायची. एवढ्याशा पाण्यातही आभाळ दिसतं, पण वास येत नाही खारा. मी ते उपसायची आणि पुढच्या कामाला लागायची.

परवा सकाळी अशीच खळग्यावर वाकले होते, तेव्हा गावच्या शेजारणीचा, काकूचा फोन आला. बाबाला काय झालं, एवढंच मी विचारलं.

"अगं, बरा आहे तो," काकू म्हणाली. "पण एक सांग, तू येतेयस का नक्की? रोज उठून विहिरीवरून कळश्या आणतो आणि होडीत ओततो. ऊन खातं तेवढं, दुसऱ्या दिवशी परत ओततो. दिवाळीपासून चाललंय. या वयात कशाला रे, म्हटलं, तर म्हणतो, लेक कधीही येईल, ऐन वेळी गळायला नको."

मी फोन ठेवला. करवंटी हातात होती. खळग्यातलं पाणी तसंच ठेवून मी ऑफिसात गेले आणि साहेबांकडे रजा मागितली.

"मॅडम, अभी तो सीझन है," ते म्हणाले. "क्या इमरजेंसी है?"

मी म्हटलं, "सर, हमारी नाव भीग चुकी है. अब रुक नहीं सकते."

त्यांना काही कळलं नसेल. त्यांनी सही केली.