रमच्या बाटलीतला मध

समजा, तुम्ही कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावर राहता आणि तुम्हाला त्रिनिदादला बहिणीकडे जायचं आहे. काय कराल? पासपोर्टची मुदत बघाल. परतीचं तिकीट काढाल. जिथे उतरणार त्या घराचा पत्ता लिहून घ्याल, कारण विमानतळावर तो विचारतात. मग बॅगेतल्या खाण्यापिण्याच्या वस्तूंवरून एकदा नजर फिरवाल आणि मांस, फळं, रोपं, मध यातलं तिकडे काय चालतं, काय नाही, हे कुणाला तरी विचाराल. एका दुपारचं काम आहे. आमच्याकडच्या शेळ्यांना बोलता येत असतं तर त्यांनाही जमलं असतं.

विंडवर्ड गावच्या हेस्केथ बेदोला जमलं नाही.

तोंडावर मी त्याला अंकल म्हणते. लिहिताना तेवढा मान द्यावासा वाटत नाही. गावात सगळे त्याला कॅप्टन म्हणतात, पण त्याच्या नावावर कधी साधी होडीसुद्धा नव्हती. दुसऱ्यांच्या शिडाच्या जहाजांवर त्याने दोर ओढले, बटाटे सोलले आणि उत्तरेकडच्या बेटांवरून जकात चुकवून आणलेल्या व्हिस्कीच्या पेट्या खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर उतरवल्या. एवढंच त्याचं कर्तृत्व. ते तो असं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या नुसत्या खोकल्याने जकातवाले पळत होते. त्या वेळचा किनाऱ्यावरचा पहारेकरी त्याच्या आईचा चुलतभाऊ होता आणि पेट्या उतरताना पाठ फिरवून बसायचा, हे मात्र तो सांगत नाही. ते माझ्या आजोबांनी सांगितलं. त्यातल्या काही पेट्या त्यांनीही उचलल्या होत्या.

या व्हिस्कीनेच त्याचं घर मोडलं. आमच्याकडे माणूस गेल्यावर लगेच थडगं बांधत नाहीत. काही वर्षं जातात, पैसे साठतात, परदेशातली माणसं येतात, मग दगड बसवतात. बकरे कापतात, ढोल वाजतात, गेलेल्यांसाठी पान वाढून ठेवतात, दगडावर पाणी आणि रम शिंपडतात. दगड उचलताना थोरल्या मुलाने पुढे असायचं. हेस्केथच्या आईचा दगड बसला त्या दिवशी त्याची बहीण ऊना त्रिनिदादहून आली होती, पाहुण्यांनी अंगण भरलं होतं, आणि थोरला मुलगा समुद्रात. एका फेरीच्या लोभाने गेला तो दगड बसल्यानंतर उगवला, वर सगळ्यांना वाटायला व्हिस्की घेऊन. ऊनाने ग्लासला हात लावला नाही. परत गेली ती गेलीच. नंतर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

यंदा तिच्या मुलीचा फोन आला. ऊना टँटी (मावशीच्या वयाच्या बाईला आम्ही टँटी म्हणतो) अंथरुणाला खिळली होती आणि तिने निरोप दिला होता, हेसला म्हणावं ये, आणि येताना आईच्या पोळ्यांचा मध आण. आईच्या मधमाश्यांच्या पेट्या अजून त्या घरामागे आहेत. शेजारीण त्यांची काळजी घेते. हेस्केथला माश्यांची भीती वाटते.

तो माझ्याकडे आला, कारण प्रवासाची माहिती संगणकावर भरायची होती आणि गावात असली कामं माझ्याकडे येतात. पासपोर्ट त्याने प्लास्टिकच्या पिशवीत, सुक्या माशांच्या वासासकट आणला. पत्ता विचारला तर म्हणाला, ऊनाचं घर, तिथे सगळ्यांना माहीत आहे. बहिणीच्या गावाला पत्ता कशाला लागतो, ते त्याला कळेना. गोरे पाहुणे घालतात असले घोळ, आपण बेटावरची माणसं. मग मी खाण्याच्या वस्तूंपाशी आले.

"अंकल, मध तिकडे नेता येत नाही. माश्यांचे रोग येतात म्हणून बंदी आहे. विमानतळावर काढून घेतील."

तो इतका हसला की बाहेरची कोंबडी दचकली. मला म्हणाला, "पोरी, तुझ्या आईला दात आले नव्हते तेव्हापासून मी माल उतरवतोय. मला कोण पकडणार?"

मी म्हटलं, त्यापेक्षा आधी टँटीला फोन करून सांगा की मध आणता येत नाही. त्यावर त्याचं हसणं थांबलं. इतक्या वर्षांनी तिने एक गोष्ट मागितली, आणि तीच नाही म्हणून कळवू, असं तो पुटपुटला आणि पिशवी उचलून निघून गेला.

मग त्याने आपलं डोकं चालवलं. रमची रिकामी बाटली धुतली, तिच्यात मध भरला, बूच पक्कं केलं, वर लाख ओतली. रंग तोच, लेबल तेच. रम नेता येते. झालं.

त्रिनिदादच्या विमानतळावर एका तरुण अधिकारी बाईने बॅग उघडली, बाटली उचलली आणि फक्त आडवी केली. रम असती तर आतला बुडबुडा टुणकन पलीकडे गेला असता. इथला बुडबुडा जड जेवलेल्या सासऱ्यासारखा रमतगमत निघाला. बाई त्याच्याकडे बघत राहिली, मग हेस्केथकडे. मधात बुडबुडा हळू सरकतो, हे शाळेतली कुठलीही पोर सांगू शकली असती. आयुष्यभर बाटल्यांचा धंदा केलेल्या माणसाच्या डोक्यात ते आलं नाही, कारण त्याची बाटली आजवर कुणी तपासलीच नव्हती. बाटली गेली, वर खोटं बोलल्याबद्दल सगळ्या रांगेसमोर बोलणी खाल्ली.

पुढचं मला ऊना टँटीच्या मुलीने फोनवर सांगितलं. हा दारात टोपी हातात धरून उभा राहिला. टँटीने उशीवरून मान वळवून विचारलं, आणलास? त्याने सगळी हकीकत सांगितली, अगदी बुडबुड्यासकट. टँटी ऐकून म्हणाली, "व्हिस्कीच्या एवढ्या पेट्या आणल्यास, हेस, एकही पकडली गेली नाही. माझी एक बाटली तेवढी पकडली गेली."

पुन्हा ती भिंतीकडे वळली. मुलीने त्याला खेकडा घातलेली भाजी वाढली. त्याने ती उभ्यानेच खाल्ली. तिकीट असेपर्यंत तो रोज तिच्या खाटेशी बसला. टँटी पाणी मागायची ते मुलीकडे.

परत आल्यावर तो माझ्याकडे आला आणि स्टुलावर बसला. मला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही. मी त्याला टोचायचं म्हणूनच म्हटलं की त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला मधावरची बंदी माहीत असते. एकदा तरी घरातल्या कुणाचा ना कुणाचा मधाचा डबा विमानतळावर काढून घेतलेला असतो. टँटीचं तर सगळं आयुष्य तिकडे गेलं.

त्याने माझ्या संगणकाच्या बंद पडद्याकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे उमटणार होतं.

"मग पोरी," तो म्हणाला, "तिने मध मागितला तो मी यावं म्हणून, की येऊ नये म्हणून?"