चकतीतला माणूस

ताई गेल्याचा फोन तिच्या शेजारच्या काकूंनी केला. सकाळी दार उघडेना म्हणून त्यांनी स्वतःकडची किल्ली लावली, तर ताई पलंगावर झोपलेलीच होती... उठली नाही. मी स्वारगेटहून रिक्षाने वारज्याला पोचले तोवर घरात माणसं जमली होती आणि बाथरूममधला दिवा तसाच जळत होता.

सुधाताई माझी थोरली बहीण. पोस्टातून निवृत्त झाली आणि लगेच भाऊजींना विसरण्याचा आजार जडला. पुढे ते माणसं ओळखेनासे झाले, तरी आंघोळीची वेळ मात्र चुकवत नसत. एके दिवशी ते बाथरूमच्या दारातच अडले. "आत कोणीतरी आहे," म्हणाले. ताईने आत जाऊन दाखवलं, कोणी नाही. तरी ते शॉवरकडे बोट दाखवत राहिले. शॉवरचा पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथलं भोक झाकायला स्टीलची गोल चकती होती, खालच्या नळांनाही तशाच. त्यांत भाऊजींचा चेहरा फुगून, वाकडा होऊन दिसत होता. तो आपला आहे हे त्यांना उमगत नव्हतं.

प्लंबरला बोलावलं, तर त्या परक्या माणसाला पाहून ते दिवसभर रडले. मग ताईने स्वतःच पाना हातात घेतला. पाणी बंद करून नळ सोडवले, स्टीलच्या चकत्या काढून पांढऱ्या प्लास्टिकच्या बसवल्या. कामाला हात घातलाच होता, म्हणून काचेच्या पार्टिशनखालची फट बुजवणारं, काळं पडलेलं सिलिकॉनही खरवडून काढलं आणि नवं भरलं. मी म्हटलं, "ताई, या वयात हे कशाला?"

"मग काय, वय झालं म्हणून गळू द्यायचं?"

सिलिकॉन वाळल्यावर तिने भाऊजींना हाताला धरून आणलं. त्यांनी दारातूनच डोकावून विचारलं, "गेला का तो?"

"गेला."

"कुठे?"

"बदली झाली त्याची," ताई म्हणाली. भाऊजी निमूटपणे आत गेले.

त्याच वर्षी भाऊजी गेले. काही महिन्यांनी मी राहायला गेले, तर बाथरूममध्ये स्टीलच्या चकत्या पुन्हा बसवलेल्या. मी कारण विचारलं. ताई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. "मी बघत होते," म्हणाली, "परत येतो का." मला वाटलं, नेहमीसारखं तिरकं बोलतेय. पण ती हसली नाही... त्या दिवशी मी डोळे मिटून आंघोळ केली.

आता ताईला जाऊन काही आठवडे झालेत. घर आवरायला गेले तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. "अहो, आमच्या छताला ओल आलीय," संकोचून म्हणाले. प्लंबरला बोलवावंसं वाटेना. मी पातं घेऊन बाथरूममध्ये खाली बसले. काचेखालचं सिलिकॉन दाराकडच्या टोकाला सुटलं होतं. ते कापत कापत भिंतीकडच्या कोपऱ्यात आले आणि थांबले. सिलिकॉन दाबून सारखं करताना ताईचं बोट तिथे टेकलं असावं. बोटाच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. मी त्यांवर माझं बोट ठेवलं... आणि बराच वेळ उचललं नाही.

बाकी सगळं काढून नवं भरलं. तेवढा कोपरा राहू दिला. तिथून झिरपेल अशी धास्ती होती, म्हणून परवा खाली जाऊन बघून आले. छत कोरडं आहे.