रिकाम्या बादलीचं रसग्रहण

समारंभाचे पाहुणे असलेल्या दादांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि नाट्यवाचनाचं पत्रक वाचायला घेतलं. मी स्टेजवर, ते पहिल्या रांगेत. मध्ये फार तर आठ पावलं. ओळीखाली बोट धरून ते सावकाश वाचत होते. त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या पानावर माझा मजकूर होता.

मी नाटकं लिहिते. पोटासाठी भिवंडीतल्या एका शाळेत मराठी शिकवलं, पण कोणी विचारलं तर धंदा नाटकाचाच सांगते. आमच्या या धंद्यात नवीन नाटक आधी वाचून दाखवतात. नेपथ्य नाही, मेकअप नाही. लेखक खुर्चीवर बसतो आणि सगळ्या पात्रांचे आवाज स्वतःच काढतो. मग दुसरा नाटककार उठून रसग्रहण करतो, म्हणजे नाटकात काय चांगलं आहे ते लोकांना सांगतो. वाईट काय ते चहाच्या वेळी लेखकाला कोपऱ्यात नेऊन सांगायचं, चारचौघांत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी तरी पाहिला नव्हता.

त्या रविवारी सकाळी तीन नवी नाटकं होती आणि तिन्हींचं रसग्रहण माझ्याकडे होतं. पहिलं यंत्रमागांवर देखरेख करणाऱ्या एका लूममास्तरचं. त्यात सगळी पात्रं ओरडून बोलतात, कारण लूमच्या खटखटाटात दुसरं काही ऐकूच जात नाही. भांडण ओरडून, हिशेब ओरडून, लग्नाची मागणीसुद्धा ओरडून. लोडशेडिंग झालं की शेड गप्प होते आणि मग लग्नाचं बोलणाऱ्या त्या दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच सुचत नाही. ते पान वाचून मी स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि अर्धा तास स्वतःवर चिडले. इतकी वर्षं याच गावात राहून हे मला का सुचलं नाही? दुसरं एका नर्सबाईंचं, वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलेल्या दोन जावांचं. अख्ख्या नाटकात त्या जागच्या हलत नाहीत आणि तरी मला एकदाही कंटाळा आला नाही.

तिसरं मोरेश्वरचं, 'रिकामी बादली'. मोरेश्वर भोईर भिवंडीजवळच्या खारबावकडचा, गोदामात स्टोअरकीपर. नाटक खाडीतून रेती काढणाऱ्या डुबीवाल्यांचं. खाडीत होडी उभी करतात, बांबू तळापर्यंत रोवतात. माणूस बादली घेऊन त्या बांबूच्या आधाराने खाली जातो, श्वास कोंडून बादली भरतो आणि होडीवरचे ती दोराने वर ओढतात. नाटकात एकदा बादली रिकामी वर येते. माणूस येतच नाही. काठावर त्याच्या चपला राहतात. रेतीचा शेठ त्या चपलांकडे बघतो आणि म्हणतो, "न्या रं कुनीतरी. नव्याच हायत." संध्याकाळपर्यंत सगळीकडे सांगितलं जातं, की तो घर सोडून पळाला.

हे वाचून मी मोरेश्वरला फोन केला होता. "हे सुचलं कसं रे?"

"सुचलं न्हाय, बाई. झालंय. मी काठावर होतो."

आणि इथे मी चूक केली. आम्हा नाटकवाल्यांना एक खोड आहे. एखादं पात्र फार आवडलं की 'हे कल्पित वाटतच नाही' असं लिहितो. त्याहून मोठी शाबासकी आमच्याकडे नाही. मी एक पाऊल पुढे गेले. रसग्रहण करणाऱ्याचा छोटा मजकूर आधीच पत्रकात छापतात, त्यात लिहिलं: 'चपलांचा प्रसंग लेखकाने रचलेला नाही. असा माणूस आपल्या खाडीवर आजही आहे.' लिहून झाल्यावर स्वतःवर खूश होऊन चहा टाकला. हे वाक्य त्या माणसाच्या हातात पडू शकतं, हे डोक्यातच आलं नाही. रेतीवाले कशाला नाटकाचं पत्रक वाचतील!

पण आमचा नेहमीचा हॉल ऐन वेळी दुरुस्तीला निघाला. आयोजक कदम सरांनी धावपळ करून धामणकर नाक्याजवळचा एक लग्नाचा हॉल मिळवला. ज्याने हॉल दिला त्याला पहिल्या रांगेत बसवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, ही रीत.

"सर, हॉल कोणाचा?" मी स्टेजवरच विचारलं.

"दादांचा. फार मोठा माणूस. रेतीचा व्यवसाय आहे, खारबावकडे," कदम सर कौतुकाने म्हणाले.

म्हणजे मोरेश्वरच्या नाटकातला शेठ समोरच बसला होता.  

मोरेश्वर शेजारीच बसला होता. मी त्याच्याकडे झुकले. "चपलांचा प्रसंग वाचू नकोस. दुसरा कुठलाही वाच."

"बाई, मी तोच वाचायला आलोय."

"समोर कोण बसलंय दिसतंय ना?"

"दिसतंय. माझ्या दारातनं रोज जातोय तो."

त्याचा आवाज शांत होता.  मला त्याचा राग आला. बायको आहे, आई आहे, घर त्या माणसाच्या बांधाला लागून आहे, आणि हा शूरपणा करतोय! आता वाटतं, राग त्याचा नव्हता. माझ्या वाक्याने त्याला अडकवलं होतं आणि ते माझ्याच्याने निस्तरत नव्हतं.

त्याने तोच प्रसंग वाचला. शेठचा आवाज काढताना त्याने जराही नाटक केलं नाही, अगदी हळू बोलला.  मागच्या गल्लीतले लूम ऐकू येत होते. दादा हलले नाहीत. वाचन संपलं तेव्हा त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. लोक पत्रकाने वारा घेतात, खुर्चीवर टाकून जातात. खिशात कोणी ठेवत नाही.

रसग्रहणाआधी चहा होता. दादा स्वतः उठून माझ्याकडे आले. मागे त्यांची दोन माणसं होती.

"बाई, नमस्कार. माझी पोरगी तुमच्या हाताखाली शिकली. लय नाव काढते तुमचं."

"हो का? छान," मी म्हणाले. 

"ह्यो मोऱ्या आमचाच. चड्डीत व्हता तवापासून बघतोय त्याला. भोला हाय. कोन कायपन सांगतं आनि ह्यो लिवतो." ते हसले. "पन तुमी शिकलेल्या. तुमी लिवलंय, असा मानूस हाय. कोन तो? भाषनात सांगून टाका ना. लोकांच्या मनात उगाच शंका नको. न्हायतर मंग पोराला तरास व्हतो."

त्यांनी आवाज चढवला नाही. जाताना मला वाकून नमस्कारही केला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, निदान ओरडता आलं असतं.

पाच मिनिटांत माईक माझ्या हातात होता. लूममास्तरच्या नाटकावर बोलले, नर्सबाईंच्या नाटकावर बोलले. काय बोलले ते आठवत नाही, लोक दोनदा हसले एवढं आठवतं. मी मुद्दाम लांबण लावत होते. पण दोन नाटकं किती पुरणार? शेवटी 'रिकामी बादली'वर यावंच लागलं. दादांनी चष्मा काढून हातात घेतला होता आणि माझ्याकडे बघत होते. मोरेश्वरही माझ्याकडेच बघत होता. त्याने चेहरा असा ठेवला होता की मी काय बोलावं असं त्याला वाटतंय ते मला कळू नये. किंवा मीच ते कळून घेतलं नाही.

मी म्हणाले, "पत्रकात माझ्याकडून एक चुकीचं वाक्य गेलं आहे. हा शेठ पूर्णपणे लेखकाच्या कल्पनेतला आहे. असा माणूस नाही. असं आपल्या खाडीवर कधी घडलेलं नाही."

टाळी पहिल्यांदा दादांची वाजली. मग सगळ्यांची. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, गाडी गेली.  मला खरोखर वाटलं, मी एका घराला वाचवलं. थोडा अभिमानच वाटला म्हणा ना. मोरेश्वर जवळ आला तेव्हा तो आभार मानेल अशीच माझी समजूत होती.

"बाई, जरा दारापाशी येता?"

दाराजवळ चपलांच्या ढिगाशेजारी एक बाई उभी होती. तिशीतली. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा. समारंभाला यावं तशी तयार होऊन आली होती.

"ही मंजुळा," मोरेश्वर म्हणाला. "बादली रिकामी आली, ती हिच्या घरवाल्याची."

 मी हात जोडले. तिनेही जोडले.

"मला वाचता न्हाय येत," ती म्हणाली. "तुमी लिवलेलं मोरूदादानं येताना रिक्षात वाचून दावलं. दोनदा वाचाया लावलं मी. समदी बोलतात, नवरा टाकून पलाला. सासूपन तेच बोलते. पयल्यांदा कुनी लिवलं, झालंय म्हून." ती थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "मंग स्टेजवर जाऊन 'झालं न्हाय' का म्हनलात?"

मी भ्याले म्हणून, हे उत्तर होतं. तीन शब्दांचं. तेही मला देता आलं नाही. "तुमच्या मोरूदादाला त्रास होऊ नये म्हणून," असं मी म्हणाले.

तिने मोरेश्वरकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग तिने ढिगातून आपल्या चपला शोधल्या, पायात घातल्या आणि रिक्षास्टँडकडे निघून गेली.

दादांनी मोरेश्वरला पुढे कधी त्रास दिला नाही. माझ्या भाषणामुळे, की नाटकाला त्यांनी तेवढं मोजलंच नाही म्हणून, ते आजही सांगता येत नाही. मोरेश्वरने मात्र त्यानंतर मला स्क्रिप्ट दाखवली नाही. एकदाच फोन आला, दीड वर्षाने. 'रिकामी बादली'चं पुस्तक निघत होतं.

"बाई, पत्रकातलं ते वाक्य मागच्या पानावर टाकू? तुमच्या नावानिशी?"

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

विचाराला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी हिय्या करून फोन केला आणि हो म्हणाले. तो म्हणाला, "बाई, काल छापून झालं." पुस्तक माझ्या कपाटात आहे. मागचं पान कोरं आहे.

नवीन लिहिणारी मंडळी हल्ली मला विचारतात, दुसऱ्याच्या नाटकाविषयी लिहावं कसं? मी सांगते, कोणाच्या नाटकाला 'हे खरं आहे' म्हणायचं असेल तर माईकवरही तेच म्हणायची तयारी ठेवून लिहा. तेवढी नसेल तर 'संवाद चुरचुरीत आहेत' असं लिहा. त्याने कोणाचं काही बिघडत नाही.