जुग

रेवदंड्याला आमच्या शेजारी सुपारीचे एक व्यापारी राहायचे. दुपारची आगबोट गेली की ते पडवीत सारीपाट पसरत आणि बायकोला हाक मारत, "अगो, ये. गलबतं सोडू."

मी त्यांच्याच विहिरीवर पाण्याला जायची, त्यामुळे सगळं कानावर पडे. सोंगटी म्हणजे गलबत, पट म्हणजे दर्या. दान पडलं की ते आधी नाक चोळत, मग शिकवत, "एकटी सोंगटी मरते. दोन एका घरात आल्या की जुग झालं, मग कोण मारत न्हाय. गलबतात पैसा घालावा तो असा, भागीदार बघून."

ती मान हलवायची आणि नेमकी एकटी सोंगटी पुढे दामटायची. ते हसत. बायकोला हा व्यापार कशाला शिकवतात, याचं मला भारी कुतूहल वाटे.

एकदा एक तांडेल आपलं गलबत विकायला आला. व्यापारी इतके खुळावले की सुपारीची बाग गहाण टाकून सबंध गलबत एकट्यानं घ्यायला निघाले. तेवढ्यात ती दारातून म्हणाली, "आणि जुग कुठं हाय?"

त्यांनी बराच वेळ नाक चोळलं. मग तांडेलाला म्हणाले, "निम्मं गलबत तुझंच राहू दे. निम्मं मी घेतो."

स्वतःच्याच गलबतात निम्म्याचा भागीदार राहायचं म्हटल्यावर तांडेल पुढ्यातलं पाणीही न पिता उठला, तो पुन्हा फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी घागर बुडवत होते. पडवीतून हाक आली, पण आवाज तिचा होता.

"अहो, या. गलबतं सोडू."