अष्टकोनी घरातली माझी भिंत

नाशकात मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे भाड्यानं राहिलो, त्या घरमालक काकांइतका थापाड्या इतिहासकार गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, दोन्ही काठांवर झाला नाही. हवी तर पैज लावा. घर अष्टकोनी. कोपऱ्यात कपाट लावलं की मागे तिकोनी पोकळी उरायची आणि तिथे मांजरींच्या पिढ्या बाळंत व्हायच्या. काकांना मात्र त्या आठ भिंतींनी जन्माचा उद्योग दिला होता. प्रत्येक भिंतीला स्वतंत्र इतिहास. एकीशी म्हणे कोणी गोरा साहेब द्राक्षं आंबट निघाली म्हणून ढसाढसा रडला होता. दुसरीला टेकवून एका सरदारानं आपला हत्ती झोपवला होता. महापुरात गंगा अंगणापर्यंत आली, पण आठ बाजूंत दार कुठलं ते तिला कळेना. बिचारी प्रदक्षिणा घालून परत गेली. गॅस सिलिंडरवाला एकदा काकांच्या तावडीत सापडला, तर पुढच्या गल्लीत दुपारपर्यंत चहा झाला नाही.

मी कळवणहून नाशकातल्या अंबडच्या कारखान्यात नोकरीला आलो. दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं, आणि डोक्यावर छप्पर नाही. जाईन तिथे आधी ‘या, बसा’, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की खोली नेमकी कालच गेलेली. अशा अवस्थेत वळकटी घेऊन काकांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी खोलीऐवजी भिंती दाखवायला घेतल्या. दर भिंतीशी मी त्या प्रश्नाची वाट पाहत होतो. इतिहास संपेना, प्रश्न येईना. शेवटी मलाच धीर धरवेना.

“काका, आम्ही बौद्ध आहोत. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा.”

काका भयंकर चिडले. “मधे काय बोलता हो? हत्ती अजून झोपलाय. तो उठू द्या, मग ती वळकटी आत ठेवा.”

हत्ती उठेस्तोवर दिवेलागण झाली. मी राहिलो तो माझं लग्न होऊन मुलगी त्याच घरात चालायला लागेपर्यंत.

आता माझा स्वतःचा फ्लॅट आहे. काका थकलेत. परवा भेटायला गेलो तर ते कुणा पाहुण्यांना घर दाखवत होते. दम लागतो म्हणून दोन-तीन भिंती गाळल्या. माझ्या जुन्या खोलीच्या भिंतीशी मात्र काठी टेकून उभे राहिले. “इथे कळवणचे एक मोठे इंजिनियर राहायचे. आले तेव्हा सामानाचे ट्रकच्या ट्रक होते. आम्ही सगळे त्यांना घ्यायला रस्त्यापर्यंत गेलो होतो.”

मी साधा फिटर, आणि त्या दिवशी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पण काका सांगत होते आणि मला ते ट्रक वळताना दिसत होते. मला घ्यायला आलेली माणसंही.